कातकरवाडीचं घरकुल: जागेच्या उताऱ्यापासून छपरापर्यंत आपणच कसं उभं राहायचं

मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या वाडीवर एक घरकुल पूर्ण झालं, स्लॅबचं, रंग मारलेलं, दारावर योजनेचं नाव लिहिलेलं, आणि दोनच महिन्यात त्या घरातली मावशी परत मागच्या कुडाच्या खोपटात राहायला गेली. मी विचारलं तर म्हणाली, "बाबू, चूल कुठं पेटवू? धूर जातच नाय भाईर. आन जागा त्या शेठची, उद्या ऊठ म्हणाला तर मी काय करू?" मला तेव्हा काहीच बोलता आलं नाही. कारण दोन्ही प्रश्न बरोबर होते आणि दोन्ही प्रश्न घर मंजूर व्हायच्या आधी कोणीतरी विचारायला पाहिजे होते. ज्या बैठकीत यादी ठरली, ज्या टेबलावर नकाशा ठरला, तिथं वाडीचं एकही माणूस नव्हतं, एवढंच झालं होतं.

मी रायगड जिल्ह्यातला, कातकरी समाजातला, आश्रमशाळेत शिकलेला. गेली काही वर्षं आमच्या आणि आजूबाजूच्या वाड्यांवर घरकुलाची, जागेची कागदं करायचं काम करतोय. त्यात जे शिकलो ते इथं क्रमाने लिहितो. मुख्य म्हणजे आपल्या वाड्यांवरच्या शिकलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय, पण पेण, रोहा, सुधागड, माणगाव, मुरुड, म्हसळा, पार खाली मंडणगड-दापोलीपर्यंत ज्या कोणाला वाडीसाठी काही करायचं असेल त्यांनी पण वाचा. माझं एकच म्हणणं आहे, घरकुल मिळवून देणारा माणूस शोधू नका, आधी जागा नावावर करा, मग वाडीचा आवाज ग्रामसभेत पोचवा आणि मग घर बांधा. हा क्रम उलटा झाला की घर उभं राहतं पण आपलं होत नाही.

कागदावर आपण कोण आहोत ते आधी बघा

महाराष्ट्रात तीन आदिवासी जमाती "विशेष असुरक्षित" म्हणून धरल्यात, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. देशभरात अशा 75 जमाती आहेत. कोकणात त्यातली फक्त कातकरी, म्हणजे ठाकर, महादेव कोळी, वारली हे आदिवासी असले तरी या खास यादीत नाहीत. हे समजून घेणं गरजेचं आहे कारण 15 नोव्हेंबर 2023 ला सुरू झालेली पीएम जनमन योजना फक्त या 75 जमातींसाठी आहे आणि तिच्यात घरासाठी 2 लाख, शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीची 90 ते 95 दिवसांची मजुरी असं मिळून साधारण 2 लाख 39 हजार धरलेत. साध्या प्रधानमंत्री आवास योजनेत घराचे 1 लाख 20 हजार आणि डोंगरी भागात 1 लाख 30 हजार. एकाच वाडीवर चार घरं कातकरी आणि सहा घरं ठाकर असली तर दोघांचे रस्ते वेगळे होतात, ठाकरांनी आवास योजना, शबरी आदिवासी घरकुल योजना आणि 2 ऑक्टोबर 2024 ला सुरू झालेलं धरती आबा अभियान बघायचं. आणि यावरून वाडीत आपसात वाद होऊ देऊ नका, मी एका ठिकाणी बघितलंय, "त्यांना जास्त, आम्हाला कमी" म्हणून अर्धी वाडी बैठकीला यायची बंद झाली आणि शेवटी कोणाचंच काम झालं नाही.

आता जातीचा दाखला. आपल्यात कोणाच्या शाळेच्या दाखल्यावर "कातकरी", कोणाच्या "काथोडी", कोणाच्या "हिंदू कातोडी" असं काहीही लिहिलेलं असतं. घाबरू नका, अनुसूचित जमातीच्या यादीत काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, सोन काथोडी हे सगळे एकाच नोंदीत आहेत. त्रास होतो तो पुराव्याचा, कारण 6 सप्टेंबर 1950 च्या आधीची नोंद मागतात आणि आपला आजा त्या वेळी कोळशाच्या भट्टीवर कुठल्या रानात होता हे कोण लिहून ठेवणार. अशा वेळी नातेवाईकांपैकी कोणाचा तरी पडताळणी झालेला दाखला, शाळेचं जुनं रजिस्टर, गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर (कोतवाल बुक), आणि गृहचौकशी यावर जोर द्यायचा. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांचं आदिवासी प्रकल्प कार्यालय पेणला आहे. दाखल्याचे कॅम्प लावा म्हणून वाडीच्या सह्यांचा अर्ज तिथं आणि तहसीलदारांकडे दोन्हीकडे द्या, एकट्या माणसाने चकरा मारण्यापेक्षा चाळीस घरांचा एक कॅम्प लवकर होतो.

वाडीची वही

सरकारी सर्वे होईल तेव्हा होईल, आपली स्वतःची वही आधी पाहिजे. दोनशे पानी साधी वही घ्या आणि घर नंबर टाकत जा. प्रत्येक घरात कोण राहतं, नवरा-बायको दोघांची नावं आधारवर कशी आहेत, रेशनकार्ड, जॉबकार्ड, बँक खातं आधारशी जोडलंय का, घर कशाचं आहे, जागा कोणाची, आणि या घरातली माणसं कुठल्या महिन्यात कुठल्या भट्टीवर जातात. हा शेवटचा रकाना कोणी लिहीत नाही आणि सगळं गाडं तिथंच अडतं.

थोडं नीट सांगतो. आपली माणसं गणपतीच्या आसपास उचल घेतात, दिवाळीनंतर वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातात ती पाऊस तोंडावर आला की परत येतात. सर्वेवाला येतो जानेवारीत. दाराला काटकी लावलेली, शेजारी म्हातारी एकटी, तो लिहून जातो "कुटुंब राहत नाही". पुढच्या वेळी यादीत नाव नसतं आणि वर आपल्यालाच ऐकवतात की तुम्ही लोक एका जागी राहतच नाही. म्हणून वहीत स्थलांतराची नोंद ठेवा, भट्टीचं गाव आणि ज्याच्याकडे फोन आहे त्याचा नंबर लिहा, आणि सर्वे जाहीर झाला की ग्रामपंचायतीला लेखी कळवा की अमुक घरं हंगामी स्थलांतरित आहेत, कायमची गेलेली नाहीत, त्यांची नोंद वाडीच्या पत्त्यावर घ्यावी. अर्जावर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका.

वहीबरोबर वाडीचा नकाशा पण काढा. पोरांना बरोबर घेऊन, मोबाईलवर, घरं, विहीर, बोअरिंग, अंगणवाडी, वाघोबाचं ठिकाण, स्मशान, पायवाटा सगळं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन फिरा, ते सांगतील वाडी आधी कुठं होती आणि कोणत्या साली का हलली. हे पुढे जागेच्या कामात सोन्यासारखं उपयोगी पडतं.

जागा, सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं

आपल्या बऱ्याच वाड्या गावठाणात नाहीत. पूर्वी खोत, सावकार, जमीनदारांनी शेतावर राबायला, रानाची राखण करायला माणसं आणून बसवली, पिढ्या गेल्या, वाडीला शाळा आली, लाईट आली, पण सातबारा त्यांच्याच वारसांच्या नावावर राहिला. आधी कोणाला त्याचं काही नव्हतं. आता मुंबई-पुण्याची माणसं फार्महाऊससाठी जमीन शोधत येतात, हायवे रुंद झाला, भाव वाढले, आणि एक दिवस वाडीभोवती तारेचं कुंपण पडतं, विहिरीची वाट बंद होते. ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका द्यायची स्वामित्व योजना 2020 पासून चालू आहे पण ती गावठाणातल्या घरांची, आपली वाडी गावठाणाच्या बाहेर म्हणून ड्रोन वरून उडून जातो आणि आपल्याला काहीच मिळत नाही.

तर पहिलं काम, वाडी कुठल्या गट नंबरात आहे ते काढा. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले जुने तलाठी, यांच्याकडून सातबारा आणि गटाचा नकाशा घ्या. मग चारपैकी काहीतरी एक निघेल.

गावठाण निघालं तर देव पावला, सरळ ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला, म्हणजे घरांच्या नोंदीच्या रजिस्टरला, घर लावून घ्या आणि पुढे चला.

सरकारी पड किंवा गुरचरण निघालं तर राहत्या घराचं अतिक्रमण नियमानुकूल करायचा रस्ता आहे. 16 फेब्रुवारी 2018 च्या शासन निर्णयात 1 जानेवारी 2011 च्या आधीपासून राहत असलेल्या घरांसाठी ही सोय केली. म्हणजे 2011 च्या आधीचा पुरावा पाहिजे, लाईटचं बिल, घरपट्टी, मतदार यादी, पोराचं शाळेतलं नाव, काहीच नसेल तर अंगणवाडीचं जुनं रजिस्टर. गुरचरण म्हटलं की ऑफिसात सुप्रीम कोर्टाचा 2011 चा निकाल दाखवून हात वर करतात. तो जगपाल सिंग केसचा निकाल गावाच्या सामाईक जमिनी बळकावणाऱ्यांच्या विरोधात आहे आणि चांगला आहे, पण त्यातच म्हटलंय की भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना सरकारी आदेशाने दिलेली जमीन हा अपवाद होऊ शकतो. ही ओळ मराठीत लिहून अर्जाला जोडा.

खाजगी जमीन निघाली, आणि आपल्याकडे हेच जास्त निघतं, तर लोक लगेच हताश होतात. पण 1948 चा कूळकायदा फक्त शेतीच्या कुळाचा नाही. त्याची कलमं 16 ते 18 वाचा. मालकाच्या जागेवर कुळाने स्वतःच्या खर्चाने घर बांधलं असेल तर त्याला तिथून सहज काढता येत नाही आणि त्या घराखालची जागा विकत घ्यायचा हक्क त्याचा आहे, आणि कलम 18 ने हेच संरक्षण गावातल्या शेतमजुरांच्या आणि कारागिरांच्या घरांना पण दिलंय. आपले आजे-पणजे शेतमजूरच होते. म्हणून अर्जात "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथं शेतमजुरी करत राहतो, घरं आम्हीच बांधली" हे साध्या शब्दात पण न चुकता लिहायचं. हे काम तहसीलदारांकडे शेतजमीन न्यायाधिकरण म्हणून चालतं, वेळ खातं, वकील लागतो, तो फुकट कसा मिळवायचा ते पुढे सांगतो. याच्याच जोडीला जिल्हाधिकाऱ्यांकडे गावठाण विस्ताराची मागणी करा, जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 122 ने गावठाणाची हद्द ठरवायचा आणि बदलायचा अधिकार त्यांना आहे. अख्ख्या वाडीच्या नावाने एक प्रस्ताव, वाडीचा नकाशा जोडून. आणि मालक विकायला तयार असेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून 500 चौरस फुटांपर्यंत जागेला मदत मिळते, आधी 50 हजार होती ती नंतर 1 लाख झाली. कोकणात रस्त्याजवळ एवढ्या पैशात जागा येत नाही हे मला माहितीये, पण मालक जुना ओळखीचा असेल तर बोलून बघायला हरकत नाही. फक्त एक करू नका, कोणी "स्टॅम्पपेपरवर अंगठा द्या, घरकुलाला लागतो" म्हणाला तर देऊ नका. तो कागद कोणीतरी आपल्या माणसाने मोठ्याने वाचल्याशिवाय अंगठा नाही, हे वाडीच्या बैठकीत सगळ्यांकडून कबूल करून घ्या. भाडेपट्टा म्हणून, परवानगीने राहतो म्हणून लिहून घेतात आणि पिढ्यांचा हक्क एका अंगठ्यात जातो.

वनजमीन निघाली तर वनहक्क कायदा 2006. यात खाजगी वनं म्हणून 1975 च्या कायद्याने सरकारकडे आलेली जमीन पण येते, आणि रायगडात अशी पुष्कळ आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ताबा पाहिजे, अर्ज नमुना अ मध्ये वैयक्तिक, ब आणि क सामूहिक. घर पण यात येतं, फक्त शेती नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पुरावे दोन तरी लागतात आणि ते सरकारी कागदच पाहिजेत असं नाही, म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, जुनी विहीर, स्मशान, देवाची जागा, घराचं जोतं, सगळं चालतं, नियम 13 मध्ये तसं लिहिलंय. आपल्याकडच्या दळी, म्हणजे रानातल्या कसायच्या, जमिनींची कागदं कोणाच्या पेटीत असतील तर ती लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढा आणि मूळ जपून ठेवा, इंग्रजांच्या वेळेपासून कातकरी-ठाकरांना दळी कसायला दिल्याची ती नोंद आहे. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर निघतो, विकता येत नाही, वारसाने मिळतो. आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत कोणी तिथून हलवू शकत नाही, कलम 4 पोटकलम 5, हा आकडा पाठ करा, वनरक्षक दारात आला की हाच उपयोगी पडतो.

दावा नाकारला तर नुसतं तोंडी ऐकून घरी येऊ नका. लेखी आणि कारणासह कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तिथून 60 दिवसांच्या आत वरच्या समितीकडे अपील.

ग्रामसभा, पण आपल्या महिन्यात

एक मोठी अडचण आधी सांगतो. पालघरचे बरेच तालुके, ठाण्यातला शहापूर, हे अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथं पेसा, म्हणजे ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा आदिवासी भागाचा कायदा, लागू आहे, पाड्याची वेगळी ग्रामसभा होऊ शकते. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अनुसूचित क्षेत्रात नाहीत. म्हणजे आपली पन्नास घरांची वाडी मोठ्या गावाच्या ग्रामसभेत जाऊन बसते आणि तिथं आपण नेहमी कमी पडतो. पण वनहक्क कायद्यात "गाव" म्हणजे महसुली गावच असं नाही, जुनी वस्ती पण गाव धरली जाते, आणि अशा नोंद नसलेल्या वस्त्यांची यादी करायला पंचायतीला नियमातच सांगितलंय. ती यादी मागा. वनहक्क समितीत 10 ते 15 माणसं असतात, त्यात दोन तृतीयांश आदिवासी आणि एक तृतीयांश बाया लागतात. तुमच्या गावच्या समितीत कोण आहेत ते विचारा, मी एका गावात विचारलं तर समितीत नाव असलेल्या आमच्याच मामांना ते समितीत आहेत हे ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं त्यांचा अंगठा कोण कुठं घेत होतं ते तेव्हा कळलं.

साध्या ग्रामसभा वर्षात चार तरी होतात, बहुतेक 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास. आता आपला हिशोब लावा. जानेवारी आणि मे ला आपली माणसं भट्टीवर. ऑगस्ट आणि ऑक्टोबरला वाडी भरलेली. म्हणून आपले सगळे महत्त्वाचे ठराव या दोन सभांना न्यायचे, वर्षभराचं काम त्या तारखा धरून आखायचं. कोरम 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, जे कमी असेल ते, पण वनहक्काच्या सभेला निम्मे सभासद लागतात आणि आलेल्यांत एक तृतीयांश बाया. तहकूब सभेला मात्र साध्या ग्रामसभेत कोरम लागत नाही, आणि नको ते ठराव नेमके तहकूब सभेत होतात, म्हणून दुसऱ्या तारखेला पण जा.

विषय सभेच्या आधी लेखी द्यायचा. आयत्या वेळी उठून बोललं की "पुढच्या वेळी बघू". ठराव आपणच लिहून न्यायचा, चार ओळींचा, गट नंबर, घरांची संख्या, मागणी काय, कोणाकडे पाठवायचा. सभेत तो वाचायला लावायचा आणि प्रोसिडिंगमध्ये लिहिला गेला की नाही ते सही करायच्या आधी बघायचं. कोऱ्या रजिस्टरवर सह्या घेऊन नंतर लिहितात, तसं असेल तर सही करू नका, नम्रपणे सांगा की दादा, लिहा, आम्ही थांबतो.

ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा होते, तिथं आपल्या बायांना न्या. मी बघितलंय, मोठ्या सभेत जी ताई पदर तोंडाला लावून मागं बसते ती बायांच्या सभेत पाण्यावर, संडासावर, चुलीवर बिनधास्त बोलते. आणि वाडीत आदल्या रात्री एकदा सराव करा. खरंच सराव. कोण उठणार, काय बोलणार, समोरचा "तुम्हाला सगळं फुकट पाहिजे" म्हणाला तर काय उत्तर द्यायचं. आमच्याकडे पहिल्या वेळी तिघंजण ठरले होते, सभेत तिघंही गप्प बसले, दुसऱ्या वेळी एका आजीने उठून फक्त एवढं सांगितलं की माझी सासू इथंच मेली, मी इथंच मरणार, माझं नाव लिहा. सगळं सभागृह शांत झालं. ठराव झाला.

आपला माणूस म्हणजे कोण

पंचायतीत लोकसंख्येप्रमाणे आदिवासींना राखीव जागा असतात, आणि महाराष्ट्रात निम्म्या जागा बायांना. बऱ्याच ठिकाणी त्या जागेवर वाडीतला कोणीतरी उभा करतात, निवडून आणतात आणि मग सही दुसऱ्याच्या सांगण्यावरून होते. त्या माणसाचा दोष नाही, तो त्याच शेठकडे कामाला असतो, उचल घेतलेली असते, तो विरोधात कसा बोलणार. म्हणून उमेदवार ठरवताना वाडीने बसून ठरवा आणि बघा की त्याच्या डोक्यावर कोणाची उचल नाही. असली तर आधी ती कशी फेडता येईल ते वाडीने बघावं. जातपडताळणी निवडणूक लागल्यावर करायला घेतली तर उशीर झालेला असतो, दोन-तीन माणसांची आधीच करून ठेवा, त्यात एक तरी बाई.

निवडून आल्यावर त्या सदस्याला एकटं सोडू नका. दर मासिक सभेच्या आधी त्याने वाडीत बसून विषय सांगायचे आणि सभेनंतर काय झालं ते सांगायचं. वाचता येत नसेल तर शिकलेली पोर त्याच्याबरोबर अजेंडा वाचेल. प्रतिनिधी म्हणजे वाडीचं तोंड, पण तोंडाला शब्द वाडीने द्यायचे. संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम 23 मध्ये हेच लिहिलंय की घरांचे कार्यक्रम ठरवण्यात आदिवासींचा स्वतःचा सहभाग असायला पाहिजे आणि होईल तितकं ते त्यांच्याच संस्थांमधून चालवलं जावं, आणि भारताने त्याच्या बाजूने मत दिलंय. 9 ऑगस्टला, आदिवासी दिनाला, आपण मिरवणूक काढतो, नाचतो, तेव्हा एकदा हे कलम मोठ्याने वाचून दाखवा.

बाहेरून मदत करणाऱ्या माणसांना पण एक विनंती. तुम्ही आमच्यासाठी भांडता त्याची आम्हाला जाणीव आहे, रायगडात सर्वहारा जन आंदोलन, ठाणे-पालघर पट्ट्यात श्रमजीवी संघटना, अशा लोकांनी वेठबिगारी आणि जमिनीचे लढे दिले नसते तर आज आम्ही ऑफिसात खुर्चीवर बसलो नसतो. पण साहेबांपुढे बसताना वाडीची दोन माणसं बरोबर न्या आणि त्यांना आधी बोलू द्या, अडखळले तरी.

घर बांधताना

घर बांधायचा सीझन आणि भट्टीचा सीझन एकच, दिवाळी ते मे. जून लागला की आपल्या रस्त्याला गाडी चढत नाही. मग काय होतं, माणूस भट्टीवर जातो आणि घर ठेकेदाराच्या हातात देतो. योजनेच्या नियमात ठेकेदार बसत नाही, घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचंय, आणि तरी पाच-सहा वाड्यांचा ठेका एकाच माणसाकडे असतो, हप्ता बँकेत आला की त्याच दिवशी तो गाडी घेऊन येतो आणि सगळ्यांना पैसे काढायला नेतो. अशा घरांचं जोतं फूटभर पण नसतं आणि दुसऱ्या पावसात भिंतीला ओल.

यावर आम्ही जे केलं ते सांगतो. सहा घरांचा एक गट केला, प्रत्येक घरातलं एक माणूस त्या वर्षी भट्टीवर गेलं नाही, त्याला रोजगार हमीची घरकुलाची मजुरी काढून दिली, त्यासाठी मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, वेळेवर काढायला रोजगार सेवकाच्या मागं लागावं लागलं. सिमेंट, सळई सहा घरांची एकदम घेतली, उधारी बचतगटाच्या नावावर, शेठकडून नाही. गवंडी एकच, तो एका घराचं जोतं करून दुसऱ्याकडे जाई तोवर पहिल्याचं जोतं पाणी पीत असे. हप्ते टप्प्याटप्प्याने येतात आणि प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर जिओटॅग, म्हणजे जागेची नोंद असलेला, फोटो लागतो, तो काढायला इंजिनियर आला नाही की पैसे अडतात, म्हणून सहा घरांचे फोटो एकाच फेरीत होतील असं काम चालवलं. वाळू घरकुलाला 5 ब्रासपर्यंत मोफत मिळते, तहसीलला अर्ज करून पास घ्या. फक्त खाडीची खारी वाळू स्लॅबला वापरू नका, सळई आतून गंजते आणि दहा वर्षात खपल्या पडतात.

घर 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 फूट, एवढं तरी पाहिजे आणि त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. नकाशा सगळ्यांचा सारखाच पाहिजे असं नाही. बायांना विचारा चूल कुठं पाहिजे. आम्ही चुलीच्या वरती भिंतीला जाळी ठेवली आणि मागच्या अंगाला पडवी काढली, पावसाळ्यात लाकडं, माशांची जाळी, कोंबड्या सगळं तिथं राहतं. चिरा जवळ मिळत असेल तर चिराच घ्या पण पश्चिमेच्या भिंतीला गिलावा करा आणि पहिले दोन पावसाळे झापं लावा, आपल्याकडचा पाऊस आडवा येतो. पत्रा घालणार असाल तर 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आठवा, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत आलं आणि वाड्यांवरचे पत्रे पार रानात जाऊन पडले. पत्र्याचे पाईप भिंतीत काँक्रीटने पकडलेले पाहिजेत, हुक बोल्ट वायसरसकट, कडेच्या ओळीला जास्त. नुसते दगड ठेवून चालणार नाही.

आणि जागा डोंगराच्या पायथ्याशी असेल तर एक गोष्ट मनावर घ्या. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली, ठाकरांची वाडी, 27 मृतदेह सापडले आणि 57 माणसं सापडलीच नाहीत. ती वाडी धोक्याच्या यादीत नव्हती. म्हणून यादीवर विसंबू नका. वरच्या जमिनीला भेगा, झाडं एका बाजूला कललेली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ, असं दिसलं तर तहसीलदारांना फोटोसह लेखी द्या आणि पाहणी मागा. पुनर्वसनाची वेळ आली तर जागा बघायला वाडीची माणसं गेली पाहिजेत, पाणी, रान, खाडी, मजुरी किती लांब पडते ते आपल्यालाच कळतं.

काम अडलं तर

अर्ज देऊन महिना झाला आणि उत्तर नाही, तर माहिती अधिकार. 10 रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेचा दाखला जोडला तर फी नाही, 30 दिवसात उत्तर. "माझं काम का झालं नाही" असं विचारू नका, "माझ्या अमुक आवक नंबरच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय कार्यवाही केली त्याच्या प्रती द्या" असं मागा.

वकिलाचं सांगतो म्हटलं होतं. आदिवासी माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते, 1987 च्या कायद्याने. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं जातीचा दाखला घेऊन जा किंवा 15100 ला फोन लावा. कुंपण घालून वाट बंद केली, घर पाडलं, जागेवरून हुसकावलं तर ते नुसतं दिवाणी भांडण नाही, अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात जमिनीवरून, घरावरून बेकायदेशीर हटवणं हा गुन्हा आहे आणि वनहक्कात अडथळा आणणं पण. पोलीस ठाण्यात एकट्याने जाऊ नका, आठ-दहा जण जा, लिहून न्या, पोच घ्या. घेतली नाही तर तोच अर्ज पोस्टाने एसपींना रजिस्टर करा.

भट्टीवाला घरकुलाचा हप्ता उचलीत वळवून घेतो असं पण होतं. पासबुक आणि एटीएम कार्ड कोणाकडे ठेवायचं नाही, मुकादमाकडे तर नाहीच. उचल फिटेपर्यंत कामावरून सोडत नसेल तर ती वेठबिगारी झाली, 1976 च्या कायद्याने बंद झालेली, थेट प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज.

घर झाल्यावर

आठवडाभरात तीन कामं उरका. ग्रामपंचायतीत नमुना 8 ला घराची नोंद, नवरा-बायको दोघांच्या नावाने, आणि घरपट्टीची पावती दर वर्षी, रक्कम थोडी असली तरी. लाईटचं मीटर स्वतःच्या नावावर. आणि वाडीच्या वहीत त्या घरापुढे तारीख टाकून फोटो चिकटवा.

कागदं जपायची पद्धत आमच्या वाडीत अशी आहे, सनद, पट्टा, दाखले, आवक शिक्क्याचे अर्ज, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी झाकणाच्या डब्यात, डब्यात कडुनिंबाचा पाला, आणि डबा आढ्याला टांगलेला, खाली उंदीर आणि ओल दोन्ही. एक झेरॉक्सचा सेट अंगणवाडीच्या ताईंकडे आणि सगळ्याचे फोटो दोन वेगळ्या मोबाईलमध्ये. भट्टीवर जाताना मूळ कागद बरोबर न्यायचे नाहीत, फक्त आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स.